उद्या आईचा वाढदिवस

दीपक साठे यांच्या आईचा वाढदिवस ८ ऑगस्टचा. २०२० साली तो चौऱ्याऐंशीवा होता. आई-वडील नागपुरात, मुलगा मुंबईत पवईला, आणि मध्ये टाळेबंदी. मार्चनंतर भेट झालेली नव्हती. जमलंच तर वाढदिवसाला न सांगता दारात जाऊन उभं राहायचं असं त्यांच्या मनात होतं, हे नातेवाइकांनी नंतर सांगितलं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

७ ऑगस्टच्या संध्याकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं १३४४ क्रमांकाचं विमान कोझिकोडजवळच्या करीपूर विमानतळावर उतरताना धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. विमानात १९० जण होते. त्यांतले २१ गेले. विमानाचे कप्तान होते विंग कमांडर (निवृत्त) दीपक वसंत साठे, वय ५९.

त्या दिवसाचा चौकशी अहवाल मी एकदा नाही, अनेकदा वाचला आहे. त्यातली वाक्यं कोरडी आहेत, तशीच ती असायला हवीत. पण अहवालातला माणूस त्या संध्याकाळी सुरू होतो आणि त्याच संध्याकाळी संपतो. म्हणून हा घटनाक्रम मी थोडा मागून सुरू करतो.

एकोणचाळीस वर्षं आधी

जून १९८१. हैदराबादजवळची दुंडीगलची हवाई दल अकादमी. खडकवासल्याच्या एनडीएतून ५८व्या कोर्सला बाहेर पडलेला एक मराठी मुलगा दीक्षान्त संचलनात ‘सोर्ड ऑफ ऑनर’ स्वीकारतो आहे. ही मानाची तलवार तुकडीतल्या एकाच छात्राला मिळते. नुसतं उत्तम उडवणं तिला पुरत नाही. अभ्यास, मैदान, शिस्त, बरोबरीच्यांना सांभाळून नेणं, सगळ्यांत पहिला असावा लागतो. घर फौजीच होतं. वडील लष्करातले अधिकारी. भाऊही लष्करात गेला, आणि जम्मूत सेवेत असतानाच वारला. त्या आईनं एक मुलगा आधीच देशाच्या कामावर गमावला होता, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवावं.

साठे लढाऊ वैमानिक झाले, ‘गोल्डन अ‍ॅरोज’ या १७व्या स्क्वाड्रनमध्ये मिग-२१ वर. ज्यांनी ते विमान उडवलं ते सांगतात की ते उतरतानाच घाम काढतं, कारण त्याचा उतरण्याचा वेग फार. पुढे ते प्रशिक्षक झाले, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिकही. चाचणी वैमानिकाचं काम म्हणजे नवं किंवा दुरुस्त झालेलं विमान दुसऱ्या कुणाच्या हाती देण्याआधी स्वतः वर नेऊन बघणं. मागून येणाऱ्याला धोका राहू नये, म्हणून पुढे जाणाऱ्याचं ते काम.

तीसएक वर्षं आधी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलात असतानाच त्यांना अपघात झाला. डोक्याच्या कवटीला अनेक ठिकाणी मार. सहा महिने इस्पितळ. हा पुन्हा उडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, असं त्यांच्या चुलतभावानं लिहिलं आहे. ते पुन्हा उडाले. वैमानिकाची वैद्यकीय तपासणी किती काटेकोर असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांनाच या तीन शब्दांचं वजन कळेल. घरी बायको आणि लहान मुलं असलेला माणूस कवटीला मार खाऊन सहा महिन्यांनी उठतो आणि परत त्याच खुर्चीत जाऊन बसतो. त्या घरानं तेव्हा काय काय गिळलं असेल, याची नोंद कुठल्याही कागदावर नाही.

२००३च्या जूनमध्ये, बावीस वर्षांनी, त्यांनी हवाई दल सोडलं. मग एअर इंडियात एअरबस ३१०, पुढे एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये बोइंग ७३७. उड्डाणाचे दहा हजारांहून अधिक तास. मुलं आयआयटीत शिकली. स्क्वॉश मात्र सुटलं नाही. त्यात ते पटाईत होते.

तीन महिने आधी

७ मे २०२०. जगभर अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी ‘वंदे भारत’ मोहीम त्या दिवशी सुरू झाली. पहिल्याच रात्री आखाती देशांतून केरळात विमानं उतरली, त्यांतलं एक दुबईहून याच कोझिकोडला. लोक भाजीवाल्यापासूनही चार हात लांब राहत होते, त्या काळात हे वैमानिक बंद विमानात दीड-पावणेदोनशे माणसं घेऊन येत होते.

एक आठवडा आधी

चुलतभावाशी फोनवर बोलणं झालं. आखातातून आपल्या माणसांना परत आणतो याचा साठ्यांना अभिमान होता. भावानं विचारलं, तिकडचे देश प्रवासी घेत नाहीत, मग जाताना विमान रिकामंच नेता का? ते म्हणाले, छे, फळं, भाजी, औषधं नेतो, रिकामं कधीच जात नाही. हा बारीकसा तपशील मला फार आवडतो. विमान रिकामं जात नाही याचं समाधान असलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

७ ऑगस्ट, सकाळी दहाच्या सुमारास

केरळात पावसानं थैमान घातलं होतं. आदल्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडीत दरड कोसळून चहामळ्यातल्या कामगारांच्या चाळी गाडल्या गेल्या होत्या. सकाळभर सगळ्या वाहिन्यांवर तीच बातमी होती. त्याच सकाळी साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार कोझिकोडहून दुबईला निघाले. अखिलेश मथुरेचे, बत्तीस वर्षांचे. घरी पत्नीचे दिवस भरत आलेले.

इथे एक आकडा सांगायला हवा, कारण संध्याकाळी तो कॉकपिटमध्ये येऊन बसणार आहे. कंपनीनं कोझिकोडच्या तळावर २६ सहवैमानिक नेमले होते, आणि कप्तान एकच. म्हणजे कप्तान दुसऱ्या शहरातून यायचे, आणि एक अडकला की पुढच्या दिवसाची गाडी अडायची. दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला सकाळी, कोझिकोडहून दोह्याला जाणारं विमान साठ्यांनाच न्यायचं होतं. आईचा वाढदिवस, आणि हे. त्यांच्या मनात यातलं काय पुढे होतं, हे ठरवायला मी बसणार नाही.

दुपारी साडेतीनच्या सुमारास

परतीचं उड्डाण. १८४ प्रवासी, त्यांत दहा तान्ही मुलं. कर्मचारी सहा. मास्क, तोंडावर फेस शील्ड. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा व्हिसा संपलेला, कुणी चार दिवसांसाठी नवऱ्याकडे गेलेली आणि चार महिने अडकलेली. मलबारच्या घराघरांतून कुणी ना कुणी आखातात असतं, आपल्या रत्नागिरीसारखंच. ‘दुबईवाला’ येणार म्हटलं की घरात काय लगबग असते, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी सात

करीपूर. डोंगरमाथा कापून, सपाट करून बांधलेली धावपट्टी. अशा धावपट्टीला ‘टेबलटॉप’ म्हणतात, कारण टेबलाची कड संपली की पुढे काही नसतं. लांबी ८,८५८ फूट. दिवस असेल, कोरडं असेल, तर तेवढी पुरेशी. रात्री, पावसात, समोर दिव्यांची एक ओली पट्टी आणि भोवती काळोख, तेव्हा डोळे फसतात.

दहा वर्षांपूर्वी, २२ मे २०१० रोजी, मंगळूरच्या अशाच टेबलटॉपवरून याच कंपनीचं विमान कोसळलं होतं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. तिथेही विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, तिथेही सहवैमानिकानं परत वर घ्यायला सांगितलं होतं. त्यानंतर, २०११ साली, कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी करीपूरबद्दल लेखी इशारा दिला होता. पावसात, पाठीमागून वारा असताना, धावपट्टी १० वर उतरणं जिवाशी खेळ आहे, असा त्याचा आशय. धावपट्टी १०. हा क्रमांकही ध्यानात असू द्या.

सातनंतर

पहिला प्रयत्न पश्चिमेकडे तोंड करून, धावपट्टी २८ वर. पाऊस जोराचा. कप्तानाच्या बाजूच्या काचेवरचा वायपर सुरू केला, तो अर्धा मिनिटही चालला नाही आणि बंद पडला. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून ज्यानं पावसाळ्यात घाट ओलांडला आहे, त्याला आठवत असेल. वायपर थांबला की काच नसतेच, नुसतं वितळणारं पाणी असतं. घाटात ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो. आकाशात कड नसते.

धावपट्टी दिसली नाही. साठ्यांनी विमान वर घेतलं. गो-अराउंड. शिकवल्याप्रमाणे, योग्य वेळी. इथवर सगळं बरोबर होतं, आणि हेही त्याच अहवालात आहे.

काही मिनिटं उरलेली

जमिनीवरून निघणाऱ्या एका विमानानं उलट दिशेची, म्हणजे १० क्रमांकाची, धावपट्टी मागून घेतली होती. टॉवरनं साठ्यांनाही विचारलं, तुम्हाला १० चालेल का? त्यांनी होकार दिला. यात फरक इतकाच पडला की आधी समोरून येऊन वेग तोडणारा वारा आता पाठीमागून ढकलणार होता. ओल्या धावपट्टीवर मागून वारा घेऊन उतरलं तर थांबायला किती जागा लागेल, हा हिशोब पुन्हा मांडायला हवा होता. तो मांडला गेला नाही. दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन टाकीत होतं.

मग गेले का नाहीत? मी वाचताना इथेच दर वेळी थांबतो. अहवाल कारणं देतो. दुसरीकडे उतरलं असतं तर कामाचे तास संपले असते आणि सकाळचं दोह्याचं विमान न्यायला कप्तान उरला नसता. याच विमानतळावर अशाच हवेत ते पुष्कळदा उतरले होते, त्यातून आलेला फाजील विश्वास. आणि मधुमेह. नोंद असलेल्या औषधापलीकडे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ते आणखीही गोळ्या घेत होते. त्या गोळ्यांनी साखर थोडी उतरून निर्णयशक्ती किंचित मंदावली असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

आपल्या घरांतून बघा. जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या असतात, एक डॉक्टरनं दिलेली, एक शेजाऱ्यांना गुण आला म्हणून आणलेली, वर कुठलंसं चूर्ण. नोकरी टिकवायची, कुणावर भार व्हायचं नाही, म्हणून साठीला टेकलेला बाप गुपचूप शरीराशी तडजोड करत राहतो. मला त्या वाक्यात गुन्हेगार दिसत नाही, ओळखीचा माणूस दिसतो. पण त्या खुर्चीत बसणाऱ्याला ही तडजोड परवडणारी नव्हती, हे लिहिताना हात आखडता घेण्यात अर्थ नाही.

शेवटचं मिनिट

जमिनीपासून पाचशे फुटांवर ऑटोपायलट सुटला. विमान ठरल्यापेक्षा वेगानं खाली येऊ लागलं, मग सावरताना उतरणीच्या रेषेच्या वर गेलं. शेजारून अखिलेशनी उतरण्याच्या वेगाकडे लक्ष वेधलं. एकदा, मग पुन्हा. कप्तानांनी सावरत असल्याचं सांगितलं. पावसातून दिवे दिसत होते. विमान धावपट्टीच्या सुरुवातीवरून पुढे गेलं, टेकलं नाही. हजार फूट, दोन हजार, तीन हजार. शेजारचा आवाज आधी अडखळला, नुसता सूचक राहिला. आणि अगदी अखेरीस स्पष्ट शब्द आला, गो-अराउंड.

नियम असा की कप्तान ऐकत नसेल तर सहवैमानिकानं नियंत्रण हाती घ्यावं. अखिलेशनी ते घेतलं नाही, असं अहवाल म्हणतो. शेजारी सोर्ड ऑफ ऑनर मिळवलेला, मिग उडवलेला, वडिलांच्या वयाचा माणूस. आपल्याकडे थोरल्यांच्या हातातून चमचादेखील काढून घेता येत नाही. तिथे विमान घ्यायचं होतं, आणि दोन-चार सेकंदांत.

सात वाजून चाळीस मिनिटं पंचवीस सेकंद

चाकं टेकली. ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फूट मागे पडले होते. अर्धी धावपट्टी. पाठीमागून १४ नॉटचा वारा. जमिनीवरचा वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, दर सेकंदाला पंच्याऐंशी मीटर. ब्रेक दाबले गेले. पट्टी संपली तेव्हाही वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर होता. पुढची मोकळी पट्टी, अँटेना, कुंपण, आणि मग टेबलाची कड. सुमारे ११० फूट खाली, विमानतळाच्या भिंतीआतल्या रस्त्यावर, विमान नाकावर आदळलं. त्याचे तीन तुकडे झाले. सर्वांत पुढे असते ती वैमानिकांची खोली.

दोन्ही पंखांच्या टाक्यांतून इंधन वाहत होतं. आग लागली नाही.

आठच्या आधी

कोंडोट्टी परिसर तेव्हा करोनाचा प्रतिबंधित भाग होता. घराबाहेर पडायला बंदी. आवाज ऐकून माणसं पडत्या पावसात धावली. कुंपणाशी सुरक्षा दलाचे जवान, अग्निशामक दल, आणि लुंग्या खोचून आलेले गावकरी. रुग्णवाहिकांची वाट न पाहता त्यांनी जखमींना आपापल्या गाड्यांत घातलं. आई-बापापासून सुटलेली लहान मुलं अनोळखी माणसांच्या खांद्यावर मान टाकून होती, आणि ती माणसं त्यांना घेऊन इस्पितळाइस्पितळांतून त्यांचं कुणी सापडतं का बघत होती. रात्री रक्त द्यायला रांगा लागल्या. ज्याला उचलतोय तो परदेशातून आलाय, त्याला बाधा असू शकते, हे प्रत्येकाला माहीत होतं. नंतर यांतल्या कित्येकांना विलगीकरणात राहावं लागलं, काहींना लागण झाली. साठे ज्यांना घरी आणत होते त्यांना घरापर्यंत नेण्याचं काम पुढे या माणसांनी केलं, असं मला मनापासून वाटतं.

रात्री सव्वादहा

बचावकार्य संपलं. दोन्ही वैमानिक गेले होते. पंधरा-सोळा दिवसांनी मथुरेत अखिलेश यांच्या पत्नीला बाळ झालं.

त्यानंतर, फोनाफोनी

एक गोष्ट देशभर फिरली. चाकं उघडत नव्हती, म्हणून कप्तानांनी घिरट्या घालून इंधन संपवलं, शेवटच्या क्षणी इंजिन बंद केलं, स्वतः गेले आणि प्रवाशांना वाचवलं. लोकांनी ती रडत रडत पुढे पाठवली. ११ ऑगस्टला मुंबईत विक्रोळीच्या टागोरनगर स्मशानभूमीत शासकीय इतमामानं अंत्यसंस्कार झाले, तेव्हाही बहुतेकांच्या मनात तीच गोष्ट होती.

ती खरी नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल आला आणि अपघाताचं संभाव्य कारण म्हणून विमान चालवणाऱ्या वैमानिकाकडून नियम पाळले न जाणं, हे त्यात पहिलं आलं. मग वारं फिरलं. कालपर्यंत डोक्यावर घेणारे त्यांचं नाव घेताना आवाज उतरवू लागले.

मला दोन्ही नको वाटतात. इंधन संपवल्याची गोष्ट दुःखानं रचली, कुणाला फसवायला नाही, पण या माणसाला तिची गरज नव्हती. फुटलेल्या कवटीनिशी परत उडणं खरं होतं. बावीस वर्षांची हवाई दलाची नोकरी खरी होती, टाळेबंदीत आणलेली माणसं खरी होती. आणि चाळीस वर्षांच्या उड्डाणात शेवटची काही सेकंदं चुकली, त्यात वीस माणसं त्यांच्यासोबत गेली, हेही खरं आहे. त्या वीस जणांच्या घरांपुढे उभं राहून ते पुसता येणार नाही. चाचणी वैमानिक विमान वर नेतो ते दोष सापडावा म्हणून, आणि सापडला की लिहून ठेवतो. साठ्यांनी कधीकाळी असे कागद स्वतः लिहिले असतील.

८ ऑगस्ट, सकाळ

नागपुरात त्या घरी सकाळपासून माणसं आली. वाढदिवसाला येतात तशी नव्हे. तोंडाला मास्क लावलेली, दारातच घुटमळणारी, आत यावं की नाही हे न कळणारी. बातमीदारही आले. आई त्यांच्याशी बोलल्या. लेक मला सारखा बजावायचा, असं त्यांनी सांगितलं. करोना आहे, घराबाहेर पडू नकोस, तुला काही झालं तर मला सगळ्यांत जास्त वाईट वाटेल.